वाहनाच्या काचेची निगा : धुणे, पुसणे आणि झिलई

हुबळी आणि धारवाड ही जुळी शहरे १९६२ पासून एकाच महानगरपालिकेच्या कारभाराखाली आहेत. त्यांना जोडणाऱ्या जुन्या पुणे-बंगळूर रस्त्यावर रायापूर हे ठिकाण लागते. लांब पल्ल्याच्या वाहनांसाठी शहराबाहेरून वळणरस्ता झाला असला, तरी या रस्त्यावरील वर्दळ कमी झालेली नाही. कारखान्यांतील कामगार, महाविद्यालयांतील विद्यार्थी, बाजारास येणारे शेतकरी आणि कचेऱ्यांतील नोकरदार यांची ये-जा येथून दिवसभर चालू असते. २०१८ मध्ये या मार्गावर ‘चिगरी’ या नावाची जलद बससेवा सुरू झाली. तिची स्थानके रस्त्याच्या मध्यभागी असल्याने बस गाठण्यासाठी उतारूंना वाहनांची वाट ओलांडावी लागते.

हा रस्ता हुबळीकडून धारवाडकडे साधारणपणे आग्नेयेकडून वायव्येकडे जातो. त्यामुळे उन्हाळ्याच्या अखेरीस सायंकाळी धारवाडकडे निघालेल्या चालकाच्या जवळजवळ समोरच मावळता सूर्य येतो. हिवाळ्यात सकाळी हुबळीस जाणाऱ्याची हीच अवस्था उगवत्या सूर्यामुळे होते. अशा वेळी समोरच्या काचेवर धुळीचा किंवा तेलकटपणाचा थर असेल, तर त्यावर पडलेला प्रकाश चोहीकडे विखुरतो आणि संपूर्ण काच पांढुरकी दिसू लागते. रस्ता ओलांडणारा मनुष्य काचेपलीकडे असूनही चालकास दिसत नाही. रात्री समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्यांमुळेही हेच घडते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात १६ ते १७ मीटर अंतर कापते. समोरचा माणूस दोन सेकंद उशिरा दिसला, तर ब्रेकवर पाय पडण्यापूर्वीच वाहन सुमारे ३३ मीटर पुढे गेलेले असते. म्हणून काचेची स्वच्छता हा वाहनाच्या शोभेचा भाग नसून तो ब्रेक आणि दिवे यांच्याइतकाच सुरक्षिततेचा भाग आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

कंदिलाची काच आणि मोटारीची काच

काच पुसणे ही गोष्ट महाराष्ट्रातील खेड्यांना नवी नाही. तळेगाव येथे १९०८ मध्ये लोकवर्गणीतून पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला व त्याच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने घरोघरी प्रवेश केला. वीज येण्यापूर्वी दिवेलागणीच्या आधी कंदिलाची काच काढून ती राखेने व जुन्या कपड्याने लखलखीत करणे, हे घरातील मुलांचे रोजचे काम असे.

हीच सवय पुढे वाहनाच्या काचेपर्यंत आली. गाडी थांबली की आसनाखालचे फडके काढायचे आणि कोरड्या काचेवरून खसाखसा फिरवायचे, हे दृश्य कोणत्याही बसस्थानकावर पाहावयास मिळते. परंतु कंदिलाच्या काचेवरील काजळी मऊ असते आणि ती काच थोड्या पैशांत बदलता येते. मोटारीच्या काचेवर बसलेली धूळ मऊ नसते. तिच्यात वाळूचे म्हणजे गारगोटीचे सूक्ष्म कण असतात. खनिजांच्या कठीणपणाच्या दहा अंकी मोजपट्टीवर गारगोटीचा क्रमांक ७ आहे, तर साध्या काचेचा सुमारे ५.५. याचाच अर्थ गारगोटी काचेवर ओरखडा काढू शकते. कोरड्या फडक्याखाली हे कण सापडले की फडके कानशीसारखे काम करते. एका दिवसात हे नुकसान दिसत नाही, पण काही वर्षांनी काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात आणि सूर्य समोर आला की त्या साऱ्या एकदम चमकू लागतात.

वाहनातील काचा दोन प्रकारच्या असतात. समोरची काच दोन पातळ तावदानांमध्ये प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा दाबून बनविलेली असते. ती फुटली तरी तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात. अशा काचेची कल्पना एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञास १९०३ मध्ये सुचली असे सांगतात. १९०९ मध्ये त्याने तिचे एकस्व घेतले. दारांच्या काचा बहुधा तापवून एकदम थंड केलेल्या, म्हणजे कणखर केलेल्या असतात आणि फुटल्यास त्यांचे बोथट दाणे होतात. या दोन्ही प्रकारांना स्थानिक उष्णता व खोल घासणी सोसत नाही, हे पुढे झिलईच्या वेळी लक्षात ठेवावयाचे आहे.

प्रथम निदान, मग उपाय

काच अंधुक दिसते तेव्हा तिची कारणे तीन असू शकतात. मळ काचेवर सुटा पडलेला असेल, मळ काचेला चिकटून बसलेला असेल, किंवा मळ नसून काचच झिजलेली असेल. पहिल्यास पाणी पुरते, दुसऱ्यास योग्य द्रव लागतो आणि तिसऱ्यास झिलई किंवा नवी काच लागते. या तिन्हींची गल्लत केल्यामुळे बहुतेक काचा बिघडतात. साध्या धुळीसाठी पूड घासली जाते आणि खोल ओरखड्यावर साबणाचे पाणी वाया जाते.

निदानासाठी तीन सोप्या कसोट्या आहेत. काच धुतल्यावर तिच्यावर स्वच्छ पाणी शिंपडावे. पाणी सलग पसरले तर काच निर्मळ आहे. ते थेंबाथेंबांनी फुटले तर काचेवर तेलकट थर आहे असे समजावे. मात्र पाणी झटकणारा लेप मुद्दाम लावलेला असेल, तर ही कसोटी लागू पडत नाही. दुसरी कसोटी बोटाची आहे. ओल्या स्वच्छ काचेवरून बोटाचे टोक फिरविताना खरखरीत लागले, तर तेथे क्षार, डांबर किंवा झाडाचा चीक चिकटलेला असतो. तिसरी कसोटी नखाची आहे. रेषेवरून नख आडवे फिरविताना ते अडखळले, तर तो ओरखडा खोल आहे आणि झिलईने तो जाणार नाही.

धुण्याची रीत

काच सावलीत व थंड असताना धुवावी. उन्हाने तापलेल्या काचेवर पाणी झटकन वाळते व डाग ठेवून जाते. धारवाडच्या पूर्वेकडील काळ्या जमिनीचा चिखल वाळला की काचेस घट्ट धरतो. तो खरवडू नये. त्यावर ओले कापड काही मिनिटे अंथरून ठेवावे. चिखल फुगून मऊ झाला की वरून पाणी ओतून तो वाहून जाऊ द्यावा.

धूळ वाहून गेल्यानंतरच कापड लावावे. अर्ध्या बादली पाण्यात सौम्य द्रव साबणाचे थोडे थेंब टाकून मऊ कापडाने वरून खाली पुसत यावे. कापड पिळण्यासाठी दुसरी बादली ठेवावी, म्हणजे निघालेले कण पुन्हा काचेवर येत नाहीत. शेवटी कोरड्या कापडाची चौघडी करून तिची एकेक बाजू क्रमाने वापरावी. बाजारात मायक्रोफायबर नावाचे बारीक तंतूंचे कापड मिळते, ते उत्तम. नसल्यास अनेकदा धुतलेले जुने सुती धोतरही चालते. कपडे मऊ करणाऱ्या द्रावणात ही कापडे भिजवू नयेत, कारण त्या द्रावणाचा मेणचट अंश काचेवर उतरतो.

नळी धरून पाणी वाहू देण्याचे कारण नाही. जुळ्या शहरांना सौंदत्तीजवळील मलप्रभा धरणाचे पाणी दुरून आणावे लागते. दोन बादल्यांत एका वाहनाच्या सर्व काचा स्वच्छ होतात.

तेलकट थर

वर्दळीच्या रस्त्यावर डिझेलचा धूर, रस्त्यावरील तेल आणि डांबर यांचा सूक्ष्म थर काचेवर बसतो. कोरड्या दिवसांत तो जाणवत नाही. जूनमधील पहिल्या सरीबरोबर वायपर चालू केला की मात्र संपूर्ण काचेवर दुधाळ पट्टे उमटतात. पावसाळा सुरू होण्याच्या आधी हा थर काढणे म्हणूनच अगत्याचे आहे.

साबणाच्या पाण्याने तो न निघाल्यास स्वच्छ कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा काच पुसण्याचा द्रव घेऊन पुसावे. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने जवळ विडी-काडी नसावी. अमोनिया असलेला द्रव काचेवरील चिकट फिल्मला अपाय करतो, तेव्हा फिल्म असेल तेथे तो वापरू नये. डांबराचा ठिपका किंवा चीक उरल्यास मोटारीसाठी मिळणारी मातीसारखी मऊ वडी साबणाच्या पाण्यात ओली करून काचेवर अलगद फिरवावी. वडी खाली पडल्यास ती टाकून द्यावी, कारण तिला लागलेली वाळू काच ओरखडते.

पाण्याचे पांढरे डाग

विंधन विहिरीच्या जड पाण्याने गाडी धुवून ती उन्हात वाळू दिली, की काचेवर गोल पांढरे डाग राहतात. पाण्यात विरघळलेले चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार पाणी उडून गेल्यावर मागे उरतात. चहाच्या भांड्याच्या बुडाशी बसणारे किटण याच जातीचे असते.

हे क्षार आम्लात विरघळतात. पांढरा सिरका आणि पाणी समभाग घेऊन त्यात भिजविलेले कापड डागांवर पाच मिनिटे चिकटवून ठेवावे, हलके पुसावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. सिरका नसल्यास गाळलेल्या लिंबाच्या रसाने काम भागते. द्रव रंगावर, रबरावर किंवा धातूवर ओघळू नये म्हणून काचेच्या कडेस ओले कापड लावावे. शाळेत विज्ञानाच्या तासाला अंड्याचे कवच सिरक्यात टाकून उठणारे बुडबुडे दाखविता येतात. काचेवरील डाग जाण्यामागे हीच क्रिया असते, हे विद्यार्थ्यांस लगेच पटते.

डाग फार दिवस राहिले, तर क्षारांबरोबर सिलिकाचाही थर बसतो किंवा काचेचा पृष्ठभाग कोरला जातो. तेथे सिरक्याचा उपयोग होत नाही. अशा वेळी शौचकूप धुण्याचे तीव्र आम्ल काचेवर ओतण्याचा मोह होतो. ते टाळावे. त्याच्या वाफा फुफ्फुसांस घातक असून धातूचे भाग त्याने गंजतात. डाग घालविणाऱ्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा तत्सम फ्लोराइड असते. ते काच तर खातेच, शिवाय कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करते आणि प्राणावरही बेतू शकते. बाटलीवर घटकांची नावे नसतील, तर असा द्रव घरात किंवा आगारात आणू नये.

झिलई केव्हा व कशी

धुणे, तेलकटपणा काढणे आणि क्षार विरघळविणे या तिन्ही पायऱ्या झाल्यानंतरही काच धूसर राहिली, तरच झिलईचा विचार करावा. काचेच्या झिलईसाठी सीरियम ऑक्साइड ही पूड वापरली जाते. चष्म्याची भिंगे घासण्याच्या कामी ती परिचित आहे. केरळ व तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत सीरियम असते. केरळातील आलुवा येथे या वाळूवर प्रक्रिया करणारा कारखाना १९५२ मध्ये सुरू झाला. या पुडीचे काम केवळ घासण्याचे नसते. पाण्याच्या सान्निध्यात काचेचा अगदी वरचा थर किंचित मऊ होतो आणि सीरियमचे कण त्याच्याशी रासायनिक संयोग पावून तो अलगद उचलतात. म्हणून ही पूड सदैव ओली असावी लागते.

पुडीत पाणी घालून सायीइतके दाट मिश्रण करावे. पूड कालविताना नाकातोंडावर कापड बांधावे. भोवतालचा रंग व रबर कागदी पट्टीने झाकावे. नमद्याच्या मऊ गादीवर मिश्रण घेऊन वीतभर जागेत उभे-आडवे हात फिरवावे. यंत्र वापरल्यास त्याची गती कमी ठेवावी, एका जागी ते थांबवू नये आणि दर मिनिटास पाणी शिंपडावे. काचेस पालथा हात लावून पाहावा. ती गरम लागली की काम थांबवावे, कारण एकाच ठिकाणी तापलेली काच तडकते. थोड्या थोड्या वेळाने मिश्रण धुवून दिव्याच्या तिरप्या प्रकाशात काच तपासावी. पुरेसा फरक पडला की तेथेच थांबणे श्रेयस्कर.

झिलई केव्हा करू नये

झिलईने ओरखडा भरून येत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत भोवतालची काच खाली आणली, तरच तो नाहीसा होतो. पुसट धूसरपणासाठी काचेचा नगण्य अंश जातो. नखास अडखळणाऱ्या ओरखड्यासाठी मात्र काचेत उथळ खळगा पडेल इतके घासावे लागते. असा खळगा भिंगाप्रमाणे वागतो व त्यातून पाहिलेला रस्ता वाकडा दिसतो. रेष गेली, परंतु दृष्टी बिघडली, असा हा सौदा होय. चालकाच्या डोळ्यांसमोरील भागात खोल ओरखडा असेल, तर काच बदलणे हाच खरा उपाय आहे, मग तो कितीही खर्चाचा वाटो.

दगड लागून पडलेला लहान टवकाही झिलईचा विषय नाही. ओलावा व धूळ शिरण्यापूर्वी तो कारागिराकडून पारदर्शक राळेने भरून घ्यावा. तडा लांबत असेल, तर काच बदलावी. लेप दिलेल्या काचा, नव्या वाहनांत कॅमेऱ्यासमोर येणारा काचेचा भाग, तसेच प्लॅस्टिकच्या खिडक्या व दिव्यांची प्लॅस्टिकची झाकणे यांवर सीरियमचा प्रयोग करू नये.

आतील बाजू आणि वायपर

बाहेरून काच आरशासारखी केली तरी रात्री ती धूसर दिसते, अशी तक्रार अनेक चालक करतात. तिचे कारण बहुधा आत असते. उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकच्या भागांतून निघणारी वाफ, तंबाखूचा धूर आणि माणसांचे श्वास यांचा पातळ थर काचेच्या आतील बाजूस साचतो. त्याच थरावर पावसाळ्यात दव लवकर धरते. पंधरवड्यातून एकदा आतील बाजू ओलसर कापडाने व लगेच कोरड्या कापडाने पुसावी. द्रव काचेवर न फवारता कापडावर घ्यावा, म्हणजे तो विजेच्या बटणांवर पडत नाही. आतून आडवे आणि बाहेरून उभे पुसल्यास राहिलेला ओघळ कोणत्या बाजूस आहे ते चटकन कळते. मागील काचेच्या आत तापविण्याच्या बारीक तारा असल्यास त्यांच्या दिशेनेच हात चालवावा आणि तेथे खरवडणी मुळीच लावू नये.

वायपरचे रबर ओल्या कापडाने दर आठवड्यास पुसावे. रबर कडक झाले किंवा फाटले की ते बदलावे. त्याची किंमत काचेच्या मानाने फारच अल्प असते. कोरड्या काचेवर वायपर फिरविणे म्हणजे कोरडे फडके फिरविण्यासारखेच आहे. म्हणून पाण्याच्या फवाऱ्याची टाकी भरलेली असावी व आधी फवारा, मग वायपर हा क्रम पाळावा.

नियम आणि जबाबदारी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० अन्वये समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश पार जाणे आवश्यक आहे. कायद्याने ही मर्यादा ठरविली, यावरूनच काचेतून दिसण्याचे महत्त्व स्पष्ट होते. मात्र नियमाप्रमाणे बनविलेली काचही निगेअभावी निकामी होते आणि ती निगा नियमाने नव्हे, तर सवयीने होते.

शासकीय वाहनांच्या बाबतीत पेट्रोल व चाकांतील हवा यांची पाहणी होते. त्याच वेळी काचेची पाहणी करण्यास दोन मिनिटे पुरतात. शाळेच्या बसचा चालक मुलांना घेण्यास निघण्यापूर्वी ओल्या कापडाने काच पुसतो की कोरड्या फडक्याने, हे मुख्याध्यापकांस सहज पाहता येईल. शेतमाल घेऊन पहाटे बाजाराकडे निघणाऱ्या टेंपोच्या मालकाने गाडीत पाण्याची एक बाटली आणि दोन स्वच्छ कापडे ठेवली, तरी पुष्कळ साध्य होईल.

पूर्वी दिवेलागणीला कंदिलाची काच पुसली जाई, ती घरात उजेड पडावा म्हणून. रायापूरच्या रस्त्यावर सायंकाळी सूर्य समोर उभा राहतो, तेव्हा रस्त्याच्या मध्यभागी बससाठी निघालेला उतारू चालकास वेळीच दिसणे हे त्याच्यासमोरील स्वच्छ काचेवर अवलंबून असते. काच पुसण्याचे हे लहानसे काम रोज नेमाने करणे, हे प्रत्येक चालकाचे व वाहनमालकाचे कर्तव्य आहे.